राघोबाच्या गाठीचं माप

आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीतच मला नापास केलं होतं.

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून रमतगमत चालत जाता येईल अशा ठिकाणी त्यांचं एकमजली घर होतं. वर ते आणि काकू राहत, खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. मी सांगलीकडून नवाच आलेलो, मोरिवलीच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सला लागलेलो. दारात उभा राहिलो तर काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक पाऊल मागे सरकून पुन्हा पाहिलं आणि आत हाक मारून म्हणाले, "याचा डावा खांदा खाली आहे गं. चांगला अर्धा इंच."

"त्याच्या हातात ट्रंक असेल हो," आतून काकू म्हणाल्या.

"ट्रंक खाली ठेव बघू." मी ठेवली. काकांनी डोळे बारीक केले. "आता उजवा खाली गेला. म्हणजे मुळातच सरळ नाही. रिजेक्ट."

तरी खोल्या मिळाल्या. भिंतीत एकही खिळा ठोकणार नाही असं मी देवाशपथ सांगितलं म्हणून. पुढे कॅलेंडर लावायची वेळ आली तेव्हा काका स्वतः ओळंबा घेऊन आले, खिळ्याची जागा पेन्सिलीने आखून दिली आणि कॅलेंडर टांगल्यावर म्हणाले, "आता महिना सरळ जाईल तुझा."

काका एका मोठ्या कारखान्यात तपासनीस होते. तयार होऊन आलेला सुटा भाग मोजायचा आणि तो पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढं एकच काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल आणि नारळ दिला, तर काकांनी नारळ कानाशी हलवला, आत पाणी वाजत नाही म्हणाले, आणि भर समारंभात परत केला. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर स्वतःसाठी एक व्हर्नियर कॅलिपर विकत आणला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक पोलादी पट्टी, तिच्यावर दोन जबडे, एक पक्का आणि एक सरकता. वस्तू त्या जबड्यांत अलगद धरायची आणि तिची जाडी केसाच्या फरकाने वाचायची. बाकीचे निवृत्त लोक खिशात तपकिरीची डबी ठेवत, काका व्हर्नियर ठेवत. भाजीवाल्याच्या गाडीवर भेंडी मोजत. काकूंच्या पोळ्यांची जाडीही त्यांनी मोजली होती. एकदाच. त्यानंतर दोन दिवस त्यांनी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात राइसप्लेट खाल्ली असं खालच्या मजल्यावरून आमच्या लक्षात आलं होतं.

तर अशा माणसाच्या घरात राघोबा होता.

राघोबा म्हणजे पोपट. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून एक बाई उन्हाळ्यात करवंदं-जांभळं विकायला यायची. एका वर्षी तिच्या टोपलीत पानांखाली एक गुलाबी, उघडं, लुळं असं काहीतरी निघालं. "घे ना काकू," ती म्हणाली. "झाड तोडलं त्यात व्हता. आयबाप गेलं उडून. डाळ भरीव, जगंल." काकांनी ते तळहातावर घेऊन तपासलं. "पंख नाहीत. डोळे उघडत नाहीत. मान धरत नाही. रिजेक्ट."

"तुम्ही जन्मलात तेव्हा काय शीळ घालत आलात?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी ते पदरात घेतलं.

काकूंनी त्याला राघोबा म्हटलं. काका त्याला पुढची कित्येक वर्षं 'तो पीस' म्हणत. पण त्या पीससाठी पिंजरा त्यांनी स्वतः बनवला, गजांमधलं अंतर व्हर्नियरने लावून. आणि हा पीस जे पहिलं बोलला ते 'विठ्ठल विठ्ठल' नव्हतं, 'मिठू मिठू' नव्हतं. एका सकाळी दूधवाला आला आणि पिंजऱ्यातून हुबेहूब काकांच्या आवाजात आलं, "रिजेक्ट!" दूधवाला निमूट परत निघाला होता. काकूंनी जिन्यावरून हाका मारून त्याला वळवला.

माझं लग्न ठरलं तेही या पोपटामुळे. मुलगी बदलापूरची, शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या खोल्यांत खुर्च्या नव्हत्या, म्हणून बघण्याचा कार्यक्रम वर काकांच्या हॉलमध्ये. मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "पुढे काय विचार आहे आयुष्यात?" मी सावरून बसलो, घसा साफ केला आणि "विचार म्हणजे" इथपर्यंत आलो, तेवढ्यात गॅलरीतून खणखणीत आवाज आला, "रिजेक्ट! माल परत!" मुलीचे वडील दचकले, माझे वडील चिडले, काका मात्र कौतुकाने गॅलरीकडे बघत राहिले. मुलगी तोंडाला रुमाल लावून हसत होती. तिने होकार दिला. का दिलास, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तपासून घेतलेला माल होता, दोष आधीच कळले."

लग्नानंतर एकदोन वर्षांनी राघोबाची गाठ सापडली. ती काकूंना सापडली, आंघोळ घालताना. छातीवर पिसांखाली मऊ, पिवळसर, सुपारीएवढी. शिवाय तो मिरची फक्त डाव्या बाजूने घेत होता, उजवीकडून दिली तर त्याला कळतच नसे. काकांनी त्याच दिवशी चौकशी केली आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक जनावरांचे डॉक्टर असल्याचं शोधून काढलं. रिक्षाने गेलो. पिंजरा माझ्या मांडीवर. भाडेकरू असण्याचे काही अलिखित नियम असतात, त्यातला हा एक.

डॉक्टर सिंधी. बोलणं हिंदी-मराठी जे तोंडाला येईल ते. त्यांच्याकडे येत ते व्यापाऱ्यांचे अल्सेशियन कुत्रे. एका बाजूला शिंप्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला मिठाईचं दुकान, मधे हा दवाखाना. आत यंत्रांची खडखड आणि तुपाचा वास दोन्ही यायचं.

"अरे साईं, ये तो पहलवान है!" राघोबाला उचलताच डॉक्टर म्हणाले. "काय खायला घालता?"

"डाळ, मिरची, पेरू," काकू म्हणाल्या.

"और?"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काका भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडे.

"शेंगदाणे खातो थोडे," काकू म्हणाल्या. "खारे. संध्याकाळी ह्यांचं ते असतं ना, एक माप. तेव्हा तो समोर बसतो ह्यांच्या."

"दारू पितो?"

"नाही हो!" काका भडकले. "फक्त चखणा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग गाठ नीट चाचपली. "चरबीची वाटते. शेंगदाणे बंद. एकदम बंद. गाजर, लाल भोपळा, पालेभाजी द्या, पिंजऱ्यातून सोडा, फिरू द्या घरात. वाढली नाही तर राहू दे गाठ, जगेल तिच्यासकट. पण वाढत गेली तर मग साधी नाही. काढावी लागेल."

"काढताना काही…" काकूंनी वाक्य अर्धंच सोडलं.

"सच बोलूं, माई? इतना सा जीव. भूल दिली की कधी उठतो, कधी नाही उठत. इसलिए बोलता हूँ, आधी बघा वाढते का."

मग त्यांनी बॅटरीने डोळे पाहिले. उजव्या डोळ्यात मधोमध दुधाचा थेंब सांडल्यासारखं दिसत होतं. "मोतीबिंदू."

"पक्ष्याला मोतीबिंदू?" काका म्हणाले.

"क्यों, आदमी का ही हक है क्या? राहू दे तो. एक आँख काफी है, पेपर थोडी पढना है उसको. फक्त पिंजऱ्यातली दांडी हलवू नका, आणि त्या बाजूने हात घालताना आधी आवाज द्या. पक्षी असाच असतो, साईं. आजार लपवतो. शेवटपर्यंत कळू देत नाही."

हे शेवटचं काकांना फार लागलं. परतीच्या रिक्षात पूर्ण वेळ ते झाकलेल्या पिंजऱ्याला सुनावत होते. "दोष असतो, त्यात लाज नाही. पण लपवायचा? लपवलेला दोष म्हणजे सगळ्यात वाईट. मशीन मोडतं, माणूस मरतो." काकू बाहेर बघत होत्या. मी मांडीवरचा पिंजरा सांभाळत मान डोलावत होतो, कारण सुनावणी कुणाचीही असो, मला मान डोलवायची सवय आहे.

पथ्य सुरू झालं. ते राघोबाचं होतं, पण पाळलं सगळ्या घराने. त्याच्यादेखत आपण शेंगदाणे खायचे हा अन्याय आहे असं काकांचं म्हणणं पडलं. पोह्यांतून शेंगदाणे गेले. चटणी गेली. एकादशीला काकूंनी कूट न घालता साबुदाण्याची खिचडी केली आणि ती आम्हालाही खाली पाठवली. "गोंद आहे की काय हे," मी म्हणालो, तर बायको म्हणाली, "खा गुपचूप, पोपटासाठी आहे." संध्याकाळच्या मापाबरोबर आता गाजराच्या चकत्या आल्या. एक चकती काकांना, एक राघोबाला. दोघांचे चेहरे सारखेच पडलेले असत.

आणि दर रविवारी माप. "वाढते का ते बघा म्हणे! मला सांगतो! माझा जन्म गेला मापात." सकाळी दहाच्या उन्हात, गॅलरीत. पहिल्या रविवारी पोपटाला धरायचं काम माझ्याकडे आलं. त्याने माझं बोट फोडलं, मी किंचाळलो, काकांनी मला रिजेक्ट केलं. त्यानंतर माझी बायको जाऊ लागली. ती त्याला पंच्यात गुंडाळून, मान बोटांत धरून असं उताणं पकडायची की तो मुकाट पडून राहायचा. काका जबडे लावत, स्क्रू आवळत, मग भिंग लावून आकडा वाचत आणि मोठ्याने जाहीर करत.

"म्हणजे केवढी हो?" काकू आतून विचारत. मिलिमीटर त्यांना कळत नसत.

"सुपारीच. थोडी वर."

पुढच्या रविवारी "मोठी सुपारी." त्याच्या पुढच्याला काका काही बोललेच नाहीत. काकूंनी दोनदा विचारल्यावर म्हणाले, "छोटा आवळा."

घरावर सुतक आल्यासारखं झालं. शेंगदाणे बंद, गाजर सुरू, पोपट घरभर चालतोय, आणि गाठ मात्र वाढतेय. म्हणजे ती साधी नाही. काकू देवापाशी जास्त वेळ बसू लागल्या. काका राघोबाशी बोलेनासे झाले, नुसते पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसत. त्याला आता ते पीस म्हणत नव्हते. एका रविवारी 'मोठा आवळा' झाला आणि काका शर्ट चढवून बाहेर गेले, परत येऊन म्हणाले, "फोन केला डॉक्टरला. गुरुवारी. काढून टाकायची."

काकूंनी पोळ्यांची कणीक मळायला घेतली आणि बराच वेळ मळतच राहिल्या.

त्या दुपारी बायकोने मला आत बोलावून दार लोटलं.

"गाठ वाढलेली नाही."

"तुला काय माहीत?"

"माझ्या हातात असतो तो. माझ्या अंगठ्याखाली असते गाठ. होती तेवढीच आहे, कदाचित थोडी कमीच. काका जबडे टेकवतच नाहीत तिला. आज माझी करंगळी गेली असती एवढी फट होती मधे."

"छे! काका? व्हर्नियरमध्ये चुकतील?"

"त्यांना गाठीची कड दिसत नाही हो," ती म्हणाली. "दुखेल म्हणून घाबरून आधीच थांबतात. आणि दर रविवारी थोडं आणखी अलीकडे थांबतात. तिथे काय दिसतंय, किती दिसतंय, त्यांनाच माहीत. भिंग कशाला लागतं त्यांना?"

म्हणजे पोपटाच्या छातीवरची गाठ आहे तेवढीच होती, वाढत होतं ते काकांचं न दिसणं. आणि त्या न दिसण्यापायी गुरुवारी एक धडधाकट जीव टेबलावर जाणार होता, आणि तो उठेल की नाही हे डॉक्टरलाही माहीत नव्हतं.

"सांग ना मग त्यांना."

"तुम्ही सांगा. तुमचे घरमालक आहेत."

"तुझेही आहेत."

"माझे लग्नानंतर झाले. तुमचे आधीपासून."

गुरुवारी मी रजा टाकली, ती रस्त्यात काकांना सांगायचं असं ठरवून. रिक्षात एका बाजूला काका, एका बाजूला काकू, मधे मी आणि मांडीवर पिंजरा. घराच्या कोपऱ्यावर ठरवलं, स्टेशन गेलं की बोलू. स्टेशन गेल्यावर ठरवलं, उल्हासनगरची हद्द लागू दे. हद्द लागली. मी म्हणालो, "काका."

"काय?"

"आज उकडतंय ना."

पंच्याखालून राघोबा म्हणाला, "रिजेक्ट." त्याला माझी पारख माझ्यापेक्षा चांगली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर स्वच्छ कापड पसरलं होतं, बाजूला झाकलेली ट्रे होती. त्या ट्रेकडे काकूंनी एकदा पाहिलं आणि नंतर पाहिलंच नाही. डॉक्टरांनी राघोबाला हातात घेतलं, पिसं फुंकरीने बाजूला केली, गाठ चाचपली. मग पुन्हा चाचपली.

"फोनवर आवळा बोलला तुम्ही. ये तो सुपारी है."

"आवळा आहे. मोजलंय मी."

"साईं, माझ्या बोटाखाली आहे."

"बोटावर काम चालत नाही डॉक्टर. हा घ्या." काकांनी खिशातून व्हर्नियर काढून टेबलावर ठेवला, एखाद्याने जानवं दाखवावं तसा.

"तो लगाओ. मैं पकडता हूँ."

काका वाकले. अगदी जवळ, नाक पिसांना लागेल इतके. जबडे उघडले, हलक्या हाताने खाली आणले आणि थांबवले. स्क्रू आवळला. "बघा."

डॉक्टरांनी कानावर खोचलेली पेन्सिल काढली आणि गाठ आणि जबडा यांच्यामधून आरपार सरकवली. पलीकडून तिचं टोक बाहेर आलं.

"ये क्या है?"

"कुठे काय?" काका म्हणाले.

शेजारची शिलाई यंत्रं चालू होती. पेन्सिल तिथेच होती, पिवळी, ठसठशीत, काकांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. ते तिच्या दिशेने बघत होते.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आप बोलो. दिखता है?"

काकाही माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी मला त्या दवाखान्याच्या छताला तीन ठिकाणी ओल आलेली आहे हे फार बारकाईने दिसलं.

"ह्यांना दिसत नाही," काकू म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते." काकूंचा आवाज चढलेला नव्हता. भाजी काय करू असं विचारावं तितक्या साध्या आवाजात त्या बोलत होत्या. "जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला चुन्याचे पट्टे मारते मी. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, दिवाळी आहे. दर महिन्याला मारते. दर महिन्याला कसली हो दिवाळी? सकाळी पेपर घेऊन बसता आणि मी पोळ्या लाटता लाटता बातम्या मोठ्याने वाचते, मला वाचायची हौस आहे म्हणून? तुम्ही लपवताय, तर म्हटलं लपवू दे. तुमच्या डोळ्यांचं तुम्ही बघून घ्या. पण ह्याच्या गळ्याशी सुरी आली आता. आता मी नाही गप्प बसणार."

काकांनी व्हर्नियरचा स्क्रू सैल केला. जबडे बंद केले. ते खिशात घालायला गेले तर खिसा सापडेना. काकूंनी शर्टाचा खिसा धरून उघडला.

डॉक्टरांनी ट्रे उचलून आत नेली. बाहेर येताना कोरड्या टॉवेलने हात पुसत म्हणाले, "पोपट घर जाएगा. दाणे बंद ही रखना. और साईं, तुमचा मोतीबिंदू मी काढत नाही, नाहीतर आजच काढला असता. टेबल तयार है."

काका हसले नाहीत. घरी आलो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी काका थांबले, खाली वाकून कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट फिरवलं, बोटाला लागलेला चुना पाहिला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"पट्टा वाकडा आहे," काका म्हणाले आणि कठड्याला न धरता वर गेले.

त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन कल्याणला झालं. तिथेही त्यांनी शांतता राखली नाही. पात्यांची धार कोण तपासतं, असं त्यांनी मोठ्या डॉक्टरांना टेबलावर आडवं पडल्या पडल्या विचारलं. मी बाहेर बाकावर होतो, आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की सगळं ठीक आहे. मग डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, डोक्यावरून पाणी नको, वाकायचं नाही. शेवटी एकदाचा चष्मा आला. त्या काळी मोतीबिंदू काढला की बहुतेकांना तो जाड भिंगांचा चष्मा लागे, बाटलीच्या बुडासारखा. त्यातून सगळं स्वच्छ दिसे, पण सगळंच मोठं दिसे.

चष्मा लावून काकांनी पहिल्यांदा ताटाकडे पाहिलं. "पोळ्या मोठ्या करायला लागलीस?" मग मान वर करून काकूंकडे पाहिलं आणि काही म्हणणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पुढे बोलू नका." मला पाहून म्हणाले, "अरे, तुझे केस कधी गेले?" मी खालच्या खोलीत राहत होतो, दिवसातून चारदा भेटत होतो, आणि माझे केस काकांच्या हिशेबी त्या सकाळी एकदम गेले.

मग ते गॅलरीत गेले. तिथून ओरडले, "लिंबू! लिंबाएवढी झाली गं!" आम्ही सगळे धावलो. माझ्या बायकोने त्यांच्या हातात व्हर्नियर दिला, राघोबाला उताणं धरलं. काकांनी या वेळी जबडे गाठीला पूर्ण टेकवले. पिसं दबलेली त्यांना दिसत होती. आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्चीत बसले. सुपारी. सुपारीहूनही जरा लहान. काकू देवघरात गेल्या, तिथून बराच वेळ घंटीचा आवाज येत राहिला.

पण मोकळा सोडल्यावर राघोबाने काकांकडे पाहिलं मात्र, पंख फडफडवत पिंजऱ्याच्या टोकाला जाऊन चिकटला आणि असा किंचाळायला लागला की शेजारी गोळा झाले. त्या चष्म्यामागे काकांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत. घुबडासारखे. त्याने असा माणूस पाहिलेला नव्हता. काकांनी आवाज दिला, नावाने हाका मारल्या, गाजर दाखवलं. राघोबाने मान फिरवली आणि आपली दुधाळ डोळ्याची बाजू त्यांच्याकडे करून बसला. बघायचंच नाही म्हणाला.

हे चार दिवस चाललं. आठ दिवस चाललं. काका पेपर वाचू लागले, भेंडी मोजू लागले, भिंतीवर आमच्या कॅलेंडरचा खिळा किंचित ढळलाय हे त्यांनी दारातूनच ओळखलं. पण गॅलरीत पाऊल टाकलं की किंकाळी. काकू म्हणायच्या, "होईल सवय."

एका संध्याकाळी भाडं द्यायला म्हणून मी वर गेलो. काका गॅलरीत बसले होते, समोर त्यांचं माप, बशीत गाजराच्या चकत्या. चष्मा काढून घडी करून बाजूच्या स्टुलावर ठेवलेला. ऑपरेशन झालेला डोळा चष्म्याशिवाय काही कामाचा नव्हता, आणि दुसऱ्यात अजून मोतीबिंदू होताच. म्हणजे त्यांना त्या वेळी आधीपेक्षाही कमी दिसत असणार.

"काका, चष्मा लावा की," मी म्हणालो. "एवढं करून आणलाय."

त्यांनी माझ्या आवाजाच्या अंदाजाने मान वळवली.

"बावळट आहेस. दिवसभर लावतो ना? त्याला एकच डोळा आहे. त्या एका डोळ्याला मी ओळखीचा दिसायला नको?"

मग त्यांनी चकती उचलून पिंजऱ्याच्या दाराशी धरली. धरली कसली, दार चुकलं आणि हात बाजूच्या गजांपाशी जाऊन थांबला. राघोबा दांडीवरून एक एक पाय टाकत सरकला, त्या गजांपाशी आला, मान वाकडी करून चांगल्या डोळ्याने त्यांना नीट न्याहाळलं, आणि गजांमधून चोच बाहेर काढून चकती घेतली.